रिमोटची वही

गेवराई तालुक्यातलं तलवाडा म्हणजे त्वरितादेवीचं गाव. इथं, आणि बीड जिल्ह्यातल्या अशा कितीतरी गावांत, टीव्ही बंद पडल्याचा निरोप मेकॅनिककडे जातो तेव्हा पुष्कळदा टीव्ही धडधाकट असतो. कुणाच्या तरी बोटानं ‘सोर्स’चं बटण दाबलेलं असतं, सेल पाझरून स्प्रिंगला हिरवा गंज चढलेला असतो, नाहीतर रिमोटच सापडत नसतो. छपरावर फ्री डिशची छत्री, खाली एका कंपनीचा सेट टॉप बॉक्स, दुसऱ्या कंपनीचा टीव्ही, वर बीएलडीसी पंखा आणि कोपऱ्यात रिमोटवाला कुलर. वस्तू चार आणि रिमोटही चार. नव्या टीव्हीवर बटणं जवळजवळ उरलेलीच नाहीत. मागं चाचपडल्यावर एखादी कळ हाताला लागते. रिमोट गेला की वस्तू मुकी होते. गेवराईहून किंवा बीडहून ‘सगळ्याला चालणारा’ रिमोट आणला तर चालू-बंद आणि आवाज जमतो. मेन्यू, सोर्स, टायमर इथं तो अडतो.

रिमोट काय बोलतो ते आपल्याला आपल्या हातानं वाचता येतं का, आणि वाचलेलं पुन्हा बोलता येतं का, एवढाच या लेखाचा प्रश्न. एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड, तीन पायांचा रिसीव्हर, एक एलईडी आणि एक ट्रान्झिस्टर असं पाचशे रुपयांच्या आतलं सामान त्याला पुरतं. वाचण्याच्या रीतीही बऱ्याच आहेत. त्या सगळ्या करून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की सर्किट आणि प्रोग्रॅम हा या कामाचा सोपा भाग आहे. अवघड आणि मोलाचा भाग नोंदीचा. कोणत्या रिमोटचं कोणतं बटण काय पाठवतं हे वहीत लिहून ठेवणारं कुणीतरी गावात हवं.

आधी उजेडाचं पाहू. रिमोटच्या टोकावरचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड फेकतो. विल्यम हर्शेलनं १८०० साली प्रिझममधून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्याही पलीकडे, जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं, थर्मामीटर ठेवला आणि पारा आणखी चढला. तोच हा अवरक्त उजेड. मोबाइलच्या कॅमेऱ्याला, विशेषतः पुढच्या, तो बऱ्याचदा दिसतो. रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं आणि पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला की रिमोट जिवंत. ही तपासणी आज कुठलाही मेकॅनिक करतो. मात्र ठिपका दिसला म्हणजे उजेड येतो आहे एवढंच कळतं. बोलणं बरोबर आहे की नाही ते कळत नाही.

अवरक्त उजेड उन्हातही भरपूर असतो, जुन्या पिवळ्या बल्बातही असतो. मराठवाड्यातल्या वैशाखात अंगणात उभं राहून दाराआडच्या टीव्हीकडे रिमोट रोखला तर त्या झोतात रिमोटचा क्षीण उजेड कुणाला ओळखू येणार? म्हणून रिमोट तो उजेड सलग न फेकता ठेक्यात फेकतो. सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा चालू-बंद, म्हणजे ३८ किलोहर्ट्‌झ. ऊन स्थिर असतं, आणि ५० हर्ट्‌झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. रिसीव्हर फक्त ३८ हजारांचा ठेका धरतो आणि बाकीचं गाळून टाकतो.

हा ३८चा आकडा कुठून आला, तर रेडिओतून. परभणी आकाशवाणी ऐकायच्या मिडियम वेव्ह रेडिओत ४५५ किलोहर्ट्‌झची मधली वारंवारता वापरतात. त्यासाठी लागणारे सिरॅमिक रेझोनेटर जगभर ढिगानं बनत, म्हणून स्वस्त मिळत. रिमोटच्या चिपेला तोच रेझोनेटर जोडला आणि ४५५ला १२नं भागलं की ३७.९ येतात. मला हे कळलं तेव्हा मी घरातला जुना रिमोट उघडून पाहिला. पट्टीवर तो छोटा तुकडा होता, आणि त्यावर ४५५ छापलेलं होतं.

रिसीव्हरला आपल्याकडे सगळेच ‘टीसॉप’ म्हणतात. टीएसओपी १७३८ या जुन्या भागाचं नाव पुढं सगळ्या जातीला चिकटलं. त्या काळ्या दाण्यात फोटोडायोड, अ‍ॅम्प्लिफायर, ३८चा ठेका गाळून घेणारी चाळणी आणि ठेका काढून नुसता आकार ठेवणारा भाग, असं सगळं बसवलेलं असतं. उजेड नसताना त्याचा पाय ‘वर’ असतो. ठेका आला की ‘खाली’ जातो. मायक्रोकंट्रोलरला दिसतं ते एवढंच, की पाय किती वेळ खाली होता आणि किती वेळ वर. रिमोट वाचायचा म्हणजे हे वेळ मोजायचे. यापलीकडे त्यात गूढ काही नाही.

इतिहास थोडक्यात. अमेरिकेत झेनिथ कंपनीनं १९५० साली वायरीचा रिमोट काढला. १९५५ साली युजीन पॉली यांनी टॉर्चसारखा उजेड टीव्हीच्या कोपऱ्यांवर मारायचा ‘फ्लॅश-मॅटिक’ बनवला. तो उन्हानं फसे. लगेच १९५६ साली रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा ‘स्पेस कमांड’ आला. त्यात हातोडी सळईवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा नाद उठे. त्याला सेलही लागत नसत. अवरक्त रिमोटांनी जम बसवला तो सत्तरच्या दशकाअखेरीनंतर. आपल्याकडे रंगीत प्रसारण १९८२च्या आशियाई खेळांच्या वेळी आलं, आणि मराठवाड्याला तर टीव्हीचा कारखानाच लाभला. औरंगाबाद–पैठण रस्त्यावर चितेगावला धूत कुटुंबाचा व्हिडिओकॉन. गोदावरीच्या पलीकडे जुळलेले संच अलीकडच्या गावांत आले. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिचे टीव्ही मात्र अजून घरोघरी चालू आहेत, आणि त्यांचे रिमोट झिजत चालले आहेत. कंपनी राहिली नाही तरी वस्तू राहते. आपला प्रश्न इथूनच खरा होतो.

आता बोलींकडे येऊ. रिमोटांच्या बोली डझनावारी आहेत, पण घराणी तीनच. पहिल्यात उजेडाची उचकी नेहमी सारखीच असते आणि दोन उचक्यांमधलं अंतर ० की १ ते सांगतं. जपानी एनईसी कंपनीची बोली या घराण्यातली. स्वस्त सेट टॉप बॉक्स, बिननावाचे एलईडी टीव्ही, स्पीकर, कुलर यांत हीच सर्वांत जास्त भेटते. आधी ९ मिलिसेकंदांचा लांब उजेड, मग ४.५ मिलिसेकंद शांतता. ही हाक झाली. त्यानंतर ३२ बिट. प्रत्येक बिटाच्या सुरुवातीला साधारण ५६० मायक्रोसेकंदांची उचकी. पुढची शांतता तेवढीच असेल तर ०, तिपटीच्या आसपास असेल तर १. आधी वस्तूचा पत्ता, मग तोच पत्ता उलटा करून, मग बटणाचा क्रमांक, मग तोही उलटा करून. प्रत्येक गोष्ट सुलटी आणि उलटी अशी दोनदा सांगितल्यामुळे मधे काही गाळलं गेलं तर लगेच कळतं. शिवाय ० आणि १ यांची एकूण संख्या नेहमी सारखीच भरते, त्यामुळे कुठलंही बटण दाबा, संदेशाला लागणारा वेळ तेवढाच राहतो. बटण दाबून धरलं तर पूर्ण संदेश पुन्हा येत नाही. दर १०८ मिलिसेकंदांनी ‘अजून दाबलेलंच आहे’ एवढी एक छोटी खूण येते. कुणा अभियंत्यानं हे किती नीट विचारून ठरवलं असेल, असं मला दर वेळी वाटतं.

दुसऱ्या घराण्यात उजेडाचीच लांबी बदलते. सोनीचं हे घराणं. ठेका ४० किलोहर्ट्‌झ, ० म्हणजे ०.६ आणि १ म्हणजे १.२ मिलिसेकंद. सोनीचा टीव्ही एकदा ऐकून हलत नाही. संदेश निदान तीनदा यावा लागतो. वाचलेला कोड एकदाच पाठवून ‘माझं सर्किट चुकलं’ म्हणत रात्र घालवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

तिसरं घराणं फिलिप्सच्या आरसी-५चं. ठेका ३६ किलोहर्ट्‌झ, १४ बिट, आणि बिटाचा अर्थ लांबीत नसून मध्यावर उजेड लागतो की विझतो यात. इथं एक बिट असा आहे की तो दर नव्या दाबण्याला पालटतो. एकच बटण दोनदा दाबलं तर दोन वेगळे आकडे येतात. त्याचा उपयोग फार आहे: १ दाबून पुन्हा १ दाबला की चॅनल ११, आणि १ दाबून धरला तर १, हा भेद टीव्हीला त्या बिटावरून कळतो. ज्याला हे ठाऊक नाही तो रिमोट खराब ठरवून मोकळा होतो.

वाचायच्या रीतींत सर्वांत जुनी आणि मला आजही सर्वांत आवडणारी रीत ८०५१वरची. डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या महाराष्ट्रातल्या पिढ्यांनी हा मायक्रोकंट्रोलर हाताळला आहे. इंटेलनं तो १९८० साली काढला. रिसीव्हरचा पाय ८०५१च्या इंटरप्टच्या पायाला जोडायचा आणि पाय वरून खाली आला की टायमर वाचायचा. वर कधी गेला ते पाहायचंच नाही. ११.०५९२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असेल तर टायमरचा एक टोला १.०८५ मायक्रोसेकंदाचा. एनईसीच्या बोलीत दोन घसरणींमधलं अंतर १३.५ मिलिसेकंद आलं तर ती हाक, १.१२ आलं तर ०, २.२५ आलं तर १, आणि ११.२५ आलं तर दाबून धरल्याची खूण. चार आकडे पाठ असले की पुरे. कागदावर गणित मांडावं तसा हा प्रोग्रॅम आहे, आणि तो स्वतः लिहिणाऱ्याला पुढं कुठलीही बोली परकी वाटत नाही.

दुसरी रीत आर्डुइनोची. इटलीतल्या इव्रिया गावात २००५ साली हा बोर्ड जन्मला. केन शेरिफ यांनी २००९ साली त्यासाठी ‘आयआर-रिमोट’ लायब्ररी लिहिली, आणि ज्यांना टायमर म्हणजे काय हे माहीत नव्हतं त्यांनीही रिमोट वाचले. तिची मूळ रीत दर ५० मायक्रोसेकंदांनी पायाकडे डोकावून पाहायची आहे. त्यानं काम भागतं, पण माप ५०च्या पटीतच येतं. आर्डुइनोच्याच चिपेत ‘इनपुट कॅप्चर’ नावाची सोय असते. पाय हलला त्या क्षणी टायमरचा आकडा आपोआप टिपला जातो. बोली अनोळखी असेल तर मी हीच रीत वापरतो. तिसरी रीत ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ या वायफाय बोर्डांची. त्यांच्यासाठी वाढवलेल्या लायब्ररीत एसीच्या बोलींचा जेवढा साठा आहे तेवढा मला दुसरीकडं मिळाला नाही. संगणकाला जोडायचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर ही चौथी रीत. पडद्यावर सगळी रेघ डोळ्यांपुढं येते, आणि शिकवताना हजार शब्दांचं काम ती रेघ करते.

या सगळ्या रीतींना समान असलेले खाचखळगे कुठल्याच पहिल्या धड्यात सांगत नाहीत. रिसीव्हर जे देतो ते रिमोटनं पाठवलेल्याशी तंतोतंत जुळत नाही. उजेडाचा काळ कित्येक मायक्रोसेकंदांनी, कधी शंभरभरानं फुगतो, आणि शांतता तेवढीच आकसते. म्हणून ५६०च्या जागी ६५० दिसले तर घाबरायचं कारण नाही, पण मोजलेले आकडे जसेच्या तसे परत पाठवणंही बरं नाही. ते घराण्याच्या मूळ मापावर बसवून पाठवावे. विजेचा पुरवठा स्वच्छ नसेल तर रिसीव्हर बरळतो. मोबाइलच्या साध्या चार्जरवर बोर्ड चालवला की हमखास असे भुताटकीचे कोड येतात. त्याच्या वीजपायाला शंभर ओहमचा रेझिस्टर आणि जमिनीकडे एक छोटा कपॅसिटर लावला की तो शांत होतो. सीएफएलच्या चोकचा ठेका ३० ते ५० किलोहर्ट्‌झच्या आसपास असे, म्हणून त्या दिव्याखाली रिमोट अडत. आता सीएफएल कमी झाले, एवढा तरी त्रास गेला.

आणखी एका फसगतीत माझेच दोन दिवस गेले. आर्डुइनोच्या संचाबरोबर २१ बटणांचा एक चपटा रिमोट मिळतो. त्याच्या पहिल्या बटणाचा कोड जुन्या पुस्तकात ००-एफएफ-ए२-५डी असा होता आणि माझ्या पडद्यावर पत्ता ०, आज्ञा ४५ असं येत होतं. दोन्ही बरोबर होते. एनईसीची बोली बिट पाठवताना लहान बाजूकडून सुरुवात करते. जुनी लायब्ररी ते आले तसे डावीकडून मांडत असे, नवी सुलटे करून वाचते. हेक्साडेसिमलमधले ४५ म्हणजे ०१०००१०१; उलट्या बाजूनं वाचलं की १०१०००१०, म्हणजे ए२. आणि ए२ उलटवला की ५डी. वहीत नुसता आकडा लिहून भागत नाही, कोणत्या बाजूनं वाचला तेही लिहावं लागतं, हे मी तेव्हा शिकलो.

एसीचा रिमोट ही मात्र वेगळीच गोष्ट आहे. टीव्हीचा रिमोट बटण पाठवतो. ‘आवाज वाढव’ एवढंच तो म्हणतो. आवाज सध्या किती आहे ते त्याला माहीत नसतं. एसीच्या रिमोटला पडदा असतो, कारण सगळी परिस्थिती त्याच्याच डोक्यात असते. तुम्ही तापमान एकानं वाढवलं तरी तो पूर्ण पत्रक नव्यानं पाठवतो: चालू आहे, थंड करायचं आहे, २५ अंश, पंखा मध्यम, झडपा हलत्या, टायमर नाही, आणि शेवटी या सगळ्याची बेरीज. आकड्यांची ती बेरीज जुळली नाही तर एसी पत्रक फेकून देतो. म्हणूनच दोन रिमोटांवर वेगवेगळं तापमान दिसत असेल तर एसी शेवटचा जो बोलला त्याचं ऐकतो.

असं पत्रक उलगडायची रीत शेतातल्या प्रयोगासारखी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच ठेवून २४, २५, २६ असे तीन संदेश घ्यायचे, एकाखाली एक लिहायचे आणि कुठले बिट हलले त्याभोवती गोल करायचा. साधारणपणे दोन जागा हलतात. एक तापमानाची, दुसरी शेवटच्या बेरजेची. ग्री कंपनीच्या एसीच्या पत्रकात तापमानातून १६ वजा करून उरलेला आकडा लिहितात, म्हणजे २४ला ८. हे पाहून माणूस खूश होतो आणि दुसऱ्या एसीपाशी आपटतो. कूलिक्स नावानं ओळखली जाणारी, मिडिया कंपनीच्या एसींत भेटणारी बोली आहे. तीत २४ला ०१००, २५ला ११००, २६ला ११०१. चढता क्रम कुठंच दिसत नाही. नीट पाहिलं तर शेजारच्या दोन तापमानांत फक्त एकच बिट बदललेला असतो. हा ग्रे कोड. तो ओळखता आला त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो, कारण तो कुठं वाचून मिळाला नव्हता, वहीतल्या गोलांतून दिसला होता.

इथं लायब्ररीवर डोळे मिटून विसंबणारा हमखास अडकतो. जुन्या आयआर-रिमोटमध्ये कच्च्या मापांसाठी शंभरच जागा होत्या. एसीच्या पत्रकाला दोनशे-तीनशे लागतात, म्हणून ते मधेच कापलं जाई. शिवाय ५ मिलिसेकंद शांतता दिसली की संदेश संपला असं ती मानत असे. ग्रीचा रिमोट पत्रकाच्या मध्यावर सुमारे २० मिलिसेकंद थांबून श्वास घेतो. अर्धंच पत्रक हाती येतं, ते परत पाठवलं की एसी ढिम्म, आणि दोष एलईडीवर जातो. अनोळखी रिमोटपाशी म्हणूनच आधी कच्चे आकडे पाहावेत आणि नावाचा शोध मागाहून घ्यावा, असं मी आग्रहानं सांगतो. जाता जाता: १ जानेवारी २०२०पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसींना सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं बंधनकारक आहे. त्यामुळे प्रयोगाला २४पासून सुरुवात करणं सोयीचं.

परत पाठवणं त्या मानानं सोपं. मायक्रोकंट्रोलरचा पाय एकटा एलईडीला पुरेसा जोर देत नाही; मधे एक ट्रान्झिस्टर लागतो. उजेड एक तृतीयांश वेळच चालू असतो, त्यामुळे एलईडीला झटक्यापुरता शंभर मिलिअँपिअर प्रवाह सोसतो आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निरोप पोचतो. भिंतीपलीकडे तो जात नाही. मला हा गुण वाटतो. या बोलीला कुलूप नाही. कुणीही ऐकावं आणि तेच पुन्हा बोलावं. पण शेजारच्या घरातून तुमचा टीव्ही कुणी चालवू शकत नाही, आणि यातलं काहीही चालायला इंटरनेट, मासिक वर्गणी किंवा परदेशातला सर्व्हर लागत नाही. शेतकरी मला विचारतात, विहिरीवरची मोटर यानं चालेल का? नाही चालणार. समोरासमोर दहा मीटर ही याची मजल. मोटरीला सिमकार्डवाला स्टार्टरच हवा.

मला हे सगळं करावंसं वाटलं ते आजीमुळे. तिला ‘पॉवर’, ‘सोर्स’, ‘एव्ही’ ही अक्षरं वाचता येत नाहीत. बटणं मात्र सगळी एका रंगाची आणि एका आकाराची. दुपारी कीर्तन लावायचं तर टीव्हीचा रिमोट वेगळा, बॉक्सचा वेगळा. चुकून सोर्स बदलला की पडदा निळा, आणि नातवंडं शाळेतून येईपर्यंत ती निळ्या पडद्यापुढं बसून राही. मी तिला लाकडी डबी करून दिली. तीन मोठी बटणं, विजेच्या बोर्डावरच्या बेलच्या बटणाएवढी. हिरवं दाबलं की आतला आर्डुइनो टीव्हीला ‘चालू’ म्हणतो, आठ सेकंद थांबतो, मग बॉक्सला ‘चालू’, मग चॅनलचे तीन आकडे एकेक करून. उरलेली दोन आवाजाची.

यात एक अडचण होती. रिमोटवरचं पॉवरचं बटण एकच, चालू असेल तर बंद करतं. टीव्ही आधीच चालू असताना आजीनं हिरवं दाबलं तर तो बंदच होई. पुष्कळ टीव्हींना नुसतं ‘चालू’ आणि नुसतं ‘बंद’ असे वेगळे कोडही कळतात, पण रिमोटवर त्यांची बटणं नसतात. ते शोधायला मी त्या टीव्हीच्या पत्त्यावर ० ते २५५ सगळ्या आज्ञा एकामागून एक पाठवल्या आणि काय होतं ते समोर बसून लिहिलं. दोन तास गेले, टीव्हीची भाषा एकदा भलतीच झाली, कारखान्यातला चाचणीचा पडदा एकदा उघडला. पण नुसता ‘चालू’ सापडला. हा प्रयोग करताना चाचणीच्या पडद्यात काहीही बदलू नये, टीव्हीची वीज काढून पुन्हा लावावी. अर्धांगवायूनं एक हात गेलेल्या माणसासाठी, दिसत नसलेल्यासाठी, हातपाय थरथरणाऱ्यासाठी हीच डबी थोड्या फरकानं करता येते. गावात अशी माणसं आहेत. या विद्येचा एवढा चांगला उपयोग मला दुसरा दिसत नाही.

रिमोट वाचून दिवे-पंखे चालवायचे बोर्ड हा विद्यार्थ्यांचा सर्वांत आवडता प्रकल्प. त्याबद्दल दोनच गोष्टी. आपल्याकडे वीज जाते आणि येते. ती परत आल्यावर काय चालू व्हावं हे आधी ठरवा. पंखा पुन्हा चालू झालेला बरा, पाणी तापवायचा हीटर मुळीच नको. शेवटची स्थिती चिपेच्या कायम स्मृतीत लिहिता येते, पण आर्डुइनोच्या चिपेत त्या जागेला लाखभर वेळा लिहिण्याची हमी असते. दर सेकंदाला लिहिणारा प्रोग्रॅम तिला सव्वा दिवसाच्या आत संपवील. स्थिती बदलली तरच लिहा. आणि २३० व्होल्टच्या बाजूला रिले, फ्यूज आणि बंद डबा याशिवाय हात घालू नका. कॉलेजच्या प्रदर्शनात उघड्या पट्टीवर खेळवलेली वीज पाहून मला भीती वाटते. साध्या पंख्याच्या जागी बीएलडीसी पंखा बसवणार असाल तर बोर्डाची गरजच नाही: साधा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, हा तिशीच्या आत भागवतो, आणि रिमोट त्याच्याबरोबरच येतो. आयआयटी मुंबईतून निघालेल्या अ‍ॅटमबर्गनं हा पंखा आपल्याकडे घरोघरी ओळखीचा केला. तो रिमोट हरवला की मात्र वहीकडे यावंच लागतं.

हे शिकायचं कुठं? सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतात, आता कुरिअरनंही येतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात आर्डुइनोचे धडे आहेत, आणि त्या प्रकल्पाचे बरेच धडे मराठी आवाजात ऐकता येतात. २०१६पासून शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उघडल्या. त्यांच्या सामानात आर्डुइनो असतो. हातानं काम करत शिकायची वाट मराठीत याआधीच पाडली गेली होती. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला, आणि जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली तिथं आली. खेड्यातल्या मुलानं खेड्यातल्याच गरजेवर यंत्र चालवून शिकावं हा त्यांचा आग्रह. रिमोट हा त्याच जातीचा धडा आहे. वस्तू घरात, गरज घरात, आणि चुकलं तर कुणाला इजा नाही.

बाहेरच्या जगानं कोडांचे मोठे साठे केले आहेत. लिनक्सवाल्यांच्या एलआयआरसी प्रकल्पात हजारो रिमोट नोंदलेले आहेत. पण आपल्या बाजारात जुळवून विकलेल्या, तीन वर्षांत नाव बदलणाऱ्या संचांचे रिमोट शोधायला गेलं की तिथं हात रिकामे राहतात. शाओमीच्या पुष्कळ फोनांत अवरक्त एलईडी असतो, त्याच्या यादीतही नावं मोठ्या कंपन्यांचीच. काही नव्या टीव्ही-काड्यांचे रिमोट ब्लूटूथवर चालतात. तिथं टीसॉप बहिराच. बाकी सगळ्यांसाठी तलवाड्यातल्या एका दुकानातली एक वही पुरेल, असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक पानावर वस्तूचं नाव, मागच्या पट्टीवर छापलेला क्रमांक, घराणं, ठेका, पत्ता, कोणत्या बाजूनं वाचला, बटणावर काय छापलं आहे आणि प्रत्यक्षात काय होतं. रिमोट चालू असतानाच तो दुकानात नेऊन वाचून घ्यायचा. दहा मिनिटं लागतात. हरवल्यावर वाचायला काही उरत नाही.

माझ्या वहीची एकतीस पानं भरली आहेत. शेवटचं पान एका लोखंडी कुलरच्या रिमोटचं, नाव पुसलेलं. बोली एनईसी, पत्ता मिळाला, नऊपैकी आठ बटणं लिहून झाली. नववं टायमरचं आहे. ते दर दाबण्याला दुसरी आज्ञा पाठवतं; पाचव्या खेपेला पुन्हा पहिली येते, असं दोनदा दिसलं आणि तिसऱ्यांदा दिसलं नाही. कुलर पावसाळ्यात माळ्यावर गेला. फाल्गुनात तो खाली काढतील, तेव्हा समोर बसून पाहायचं आहे.